विलंब शून्य

आत्मपरीक्षणाच्या वार्षिक बैठकीत आपला कोणता दोष सांगायचा, हे हाओ येनपिंग आठवडाभर आधीच ठरवून ठेवत असे.

इंटरनेटवर नजर ठेवणाऱ्या प्रांतिक जालव्यवहार कार्यालयात ही बैठक दर हिवाळ्यात भरे. लांबट टेबल, प्रत्येकापुढे झाकणाचा चहाचा पेला, भिंतीवर लाल कापडी फलक. प्रत्येक अधिकाऱ्यानं उभं राहून स्वतःचे दोष सांगायचे आणि मग इतरांनी त्यात भर घालायची, असा चीनमधल्या सरकारी कचेऱ्यांतला जुना रिवाज. नवखी माणसं इथं फसत. खरा दोष सांगितला तर तो फायलीत कायमचा चिकटतो. अगदीच फुटकळ सांगितला तर माणूस लबाड ठरतो. दोष असा हवा की ऐकणाऱ्याला मान हलवावीशी वाटली पाहिजे, आणि फायलीत तो गुणासारखा दिसला पाहिजे.

"कामाच्या व्यापात," हाओ म्हणाला, "आईकडे माझं दुर्लक्ष होतं. ती चिंगशुइला एकटी राहते. दोन-दोन महिने मी तिकडे फिरकत नाही."

टेबलाभोवतीच्या माना हलल्या. कार्यालयप्रमुख थान यांनी तर डोळेच मिटून घेतले. मागच्या वर्षी त्यांनी हाच दोष वडिलांच्या बाबतीत सांगितला होता.

मग उपसंचालक फू उठली. चाळिशीची, तोंडानं फटकळ, आणि हाओची खरी हितचिंतक. "हाओ संचालकांवरची माझी टीका जरा कडक आहे," ती म्हणाली. "ते हट्टी आहेत. इथल्या बहुतेकांनी घरच्यांचे नंबर मोकळ्या यादीत घातलेत. यांनी आईचासुद्धा घातला नाही. याला कणखरपणा म्हणायचा की कोरडेपणा, मला कळत नाही."

कोणीतरी हसलं. थान डोळे न उघडताच म्हणाले, "हाओ, हा दोष सुधारायची घाई करू नका."

आता सगळेच हसले. बैठक संपताना थान यांनी बातमी फोडली. हाओची 'सौम्य प्रवाह' योजना वसंतात राजधानी उचलणार होती. साऱ्या देशात ती लागू होईल आणि ती चालवायला हाओ तिकडे जाईल. शेवटचा अहवाल तेवढा राहिला होता.

हाओ मुळात अणुभट्टीचा माणूस. समुद्रकाठच्या एका वीजकेंद्रात, नियंत्रण कक्षात त्यानं नोकरी सुरू केली होती. अणुभट्टीत एक न्यूट्रॉन युरेनियमचं एक अणुकेंद्र फोडतो आणि त्यातून दोन-तीन नवे न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यातले काही वाया जातात. उरलेल्यांपैकी सरासरी नेमका एक पुढचं केंद्र फोडत असेल, तर भट्टी एका लयीत चालत राहते. सरासरी एकाहून खाली गेली तर ती विझते, वर गेली तर भडकते. या सरासरीला गुणक म्हणतात. हे सगळं इतक्या झपाट्यानं घडतं की माणसाला मध्ये हात घालायला वेळच मिळू नये. तो मिळतो, कारण निसर्गानं एक फट ठेवली आहे. शंभरात एकसुद्धा भरणार नाहीत इतके थोडे न्यूट्रॉन लगेच बाहेर येत नाहीत. काही सेकंद, कधी मिनिटभर रेंगाळतात. त्या मूठभर रेंगाळणाऱ्यांच्या जिवावर अणुभट्टी माणसाच्या ताब्यात राहते.

जालव्यवहार कार्यालयात तो आला तेव्हा तिथं एक मोठं दालन भरून मुलंमुली बसलेली असत आणि दिवसभर लोकांचे मजकूर पुसत असत. एक पुसला की त्याची छायाचित्रं काढून दहा जण पुढे पाठवत. काही लिहिणाऱ्यांना पोलीस चहाला बोलावत, आणि त्या चहाला कोणी आनंदानं जात नसे. हाओनं आकडे मांडून पाहिले. निरोप म्हणजे न्यूट्रॉन, वाचणारा म्हणजे अणुकेंद्र. माणूस निरोप पुढे पाठवतो तो रागाच्या भरात, आणि रागालाही अर्धायुष्य असतं. भाजीच्या भावाचा राग संध्याकाळपर्यंत निम्मा होतो. घर पाडल्याचा टिकतो, पण तोही ओसरतो. मग पुसायचं कशाला? एकाला निरोप लगेच पोचू द्यावा, दुसऱ्याला तासाभरानं, तिसऱ्याला तिसऱ्या दिवशी. निरोपावरची वेळ पाठवल्याची न दाखवता पोचल्याची दाखवावी. एकाच गटातली माणसं कधीच एका वेळी तापत नाहीत, गुणक एकाच्या खाली राहतो आणि आग लागायच्या आधीच विझते. लिहिणाऱ्याला वाटतं, आपल्याएवढं कुणालाच काही वाटत नाही. तोही गप्प होतो. मोकळ्या यादीतले नंबर तेवढे या विलंबातून सुटत.

अट एकच होती. हे कुणाला कळता कामा नये. ज्याला विलंबाचा संशय आला, त्याच्यावर विलंब चालत नाही. तो फोन खाली ठेवतो आणि शेजाऱ्याचं दार ठोठावतो.

योजनेचा हाओला मनापासून अभिमान होता. त्याच्या कारकिर्दीत चहाची बोलावणी जवळजवळ बंद झाली. पुसणाऱ्यांच्या दालनात आता टेबल टेनिसची टेबलं होती. आपण कुणालाही दुखावलं नाही, फक्त थोडं थांबवलं, असं तो मानत असे.

बैठकीत आईचं नाव काढलं होतं, तेव्हा आता जाणं भाग होतं. रविवारी तो चिंगशुइला गेला.

चिंगशुइ हे कापडगिरणीचं शहर. गिरणी केव्हाच बंद पडली, पण तिची कॉलनी होती, आणि मागच्या वर्षापर्यंत कॉलनीचं सामुदायिक न्हाणघर होतं. हाओची आई गे सूच्याओ हिनं सगळी उमेदीची वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, काढली. तिथल्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नसे. बायका ओठांनी बोलत. आवाज न काढता, तोंड मोठं करून. लहानपणी हाओ खात्याच्या काचेच्या खिडकीला नाक लावून उभा राही, आणि आतून आई ओठांनी विचारी, 'जेवलास?' तोही ओठांनीच उत्तर देई. त्या बायका सगळ्या बहिऱ्या झाल्या, कुणी अर्धवट, कुणी पुरत्या. त्यामुळे म्हातारपणी फोनवर बोलणं त्यांना जमत नसे. व्हिडिओवर चेहरे अडखळत, ओठ तुटत. त्यांचा सगळा कारभार लिहून चाले.

त्यानं घेऊन दिलेल्या नवव्या मजल्यावरच्या घरात आई स्वयंपाकघरात बसली होती. समोर पिठाचा गोळा होता आणि तो कडेनं सुकला होता.

"थिएदान? तू कसा काय आलास?" थिएदान म्हणजे लोखंडी अंडं. मूल जगावं म्हणून आपल्याकडे दगडू, धोंडू ठेवतात, त्यातलाच प्रकार. बावन्न वर्षांच्या संचालकाला या नावानं हाक मारणारं माणूस आता एकच उरलं होतं.

"भेटायला आलो." ती त्याच्या ओठांकडे बघून ऐकत होती. "श्रवणयंत्र कुठंय?"

"खणात. त्यात पंख्याचा आवाज ऐकू येतो, माणसांचा नाही." ती उठली नाही. "तू रोडावलास. की तुझी गाडी मोठी झाली म्हणून तू बारीक दिसतोस?"

तो हसला. ती हसली नाही. मग न विचारताच म्हणाली, "यान मावशीचे यजमान गेले."

यान मावशी आईची साचेखात्यातली जोडीदारीण. शेजारशेजारचे साचे, न्हाणघरातही शेजारची फळी. आठवड्यातून दोनदा दोघी एकमेकींच्या पाठी घासत आणि जगाची उणीदुणी काढत. हाओला मावशीनंही कित्येकदा त्याच न्हाणघरात घासून काढलं होतं.

"कधी?"

"तेच तर." आईनं फोन पुढे सरकवला. निरोप गुरुवारचा होता. 'आमचे हे आज पहाटे गेले. उद्या सकाळी अग्निगृहात. सगळ्या या. त्यांना थोडं पोचवायला या.'

"मी रात्रभर कागदाची पांढरी फुलं करत बसले," आई म्हणाली. "शुक्रवारी पहाटे निघाले. अग्निगृहात विचारलं तर म्हणाले, त्या नावाचं मंगळवारीच झालं. मला वाटलं, यांच्याकडेच चुकीची नोंद झाली. तिच्या घरी गेले. अंगण झाडून झालेलं. ती खिडकीत आली. काचेतून माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या फुलांकडे बघितलं, आणि ओठांनी म्हणाली, 'आता?' एवढंच. पडदा ओढला."

हाओनं निरोप पुन्हा वाचला. मंगळवारी अग्निगृह, म्हणजे तो सोमवारी निघाला. सोमवार ते गुरुवार. डोक्यात आकडे आपोआप जागच्या जागी बसत होते.

"तिनं मला मुद्दाम उशिरा कळवलं," आई म्हणाली. "सगळं आटपल्यावर. मी यावं आणि रिकाम्या अंगणात उभं राहावं म्हणून. न्हाणघराचा राग."

"न्हाणघराचा काय राग?"

"ते पाडून गाड्या ठेवायची इमारत करायला निघाले, तेव्हा मी आणि तिनं गटावर किती लिहिलं! या, एकत्र जाऊ, नगरपालिकेसमोर उभ्या राहू. कुणीसुद्धा आलं नाही. आम्ही सहाजणी होतो, त्यातली एक चुकून आली होती. मग बायका म्हणायला लागल्या, सूच्याओचा मुलगा मोठा साहेब, तिला काय, तिच्या घरात गरम पाणी आहे. यान तेव्हा त्यांना भांडायची. आता तिलाही तसंच वाटत असणार."

"तू जाऊन बोल ना तिच्याशी."

"ती दार उघडत नाही. सुतकातलं माणूस दुसऱ्याच्या घरी पाऊल टाकत नाही, म्हणून ती इकडे येणार नाही. मी रोज लिहिते. उत्तर नाही." तिनं पिठाचा गोळा उचलला आणि तसाच डब्यात टाकला. "चाळीस वर्षं जिची पाठ घासली, तिनं एका ओळीचंही उत्तर देऊ नये?"

कोपऱ्यातल्या कपाटावरून मंजूळ आवाज आला, "सूच्याओ आजी, औषधाची वेळ झाली." ते यंत्र हाओनंच बसवलेलं. म्हातारं माणूस पडलं, ओरडलं, तर ते ऐकून मदत बोलावे. आई त्याला बोलका डबा म्हणे. तो सगळंच ऐकत असे.

हाओनं डब्याकडे पाहिलं आणि तोंडापर्यंत आलेलं वाक्य गिळलं.

सोमवारी त्यानं चिंगशुइची नोंद स्वतः उघडली. फू शेजारी उभी होती.

यंत्रणेनं काहीच चूक केली नव्हती. यान फंगश्या ही न्हाणघराच्या प्रकरणापासून 'उष्ण' लेखक म्हणून नोंदलेली होती. तिच्या निरोपात जमण्याचं आवाहन होतं, वेळ होती, जागा होती आणि तीव्र भावना होती. यंत्र अर्थ वाचत नाही, लक्षणं वाचतं. अपेक्षित गुणक एकाच्या वर. म्हणून निरोप वेगवेगळ्या बायकांना वेगवेगळ्या दिवशी पोचला. आईनं नंतर लिहिलेली सांत्वनं अजून वाटेतच होती. सूच्याओ हीसुद्धा उष्णच होती.

राजधानीला जाणाऱ्या अहवालात चिंगशुइच्या न्हाणघराचा आलेख पहिल्याच पानावर होता. योजनेचं सर्वात देखणं उदाहरण. सुरुवातीला चढती रेषा, मग वळण, मग सावकाश उतार. या रेषेला गुळगुळीत करताना हाओनं ती किती वेळा निरखली होती! तिच्या शेपटाकडे आता एक बारीकसा उंचवटा दिसत होता. ती अंत्ययात्रा होती.

"आईंचा नंबर मोकळ्या यादीत टाकते," फू हळूच म्हणाली. "यान बाईंचाही टाकते. आत्ता."

"पुढचे निरोप वेळेवर जातील. पण मागचा?"

"मागचा मागे गेला."

"आईला वाटतंय मैत्रिणीनं अपमान केला. मैत्रिणीला वाटतंय, नवरा गेला तरी ही फिरकली नाही. हे कोण निस्तरणार?"

"माणसं निस्तरतात आपलं आपण. नाहीतर नाही निस्तरत." फूनं दरवाजाकडे नजर टाकली. "हाओ संचालक, खरं कारण सांगितलं तरच ते निस्तरेल, आणि ते एका म्हातारीला सांगितलं की ते सगळ्या कॉलनीला सांगितल्यासारखं. त्याचा गुणक किती, तुम्हीच मोजा. ते फुटलं तर योजना गेली. तुम्हीही गेलात. गुपित फोडल्याची शिक्षा काय असते, ते मी सांगायला नको."

"नको."

"मग यादीत टाकू ना?"

त्याला बैठकीतलं हसू आठवलं. "टाका," तो म्हणाला.

ती निघाली, दाराशी थबकली आणि पाठमोरीच म्हणाली, "आणि काही करणार असाल, तर खिशातल्या फोनसमोर करू नका. मी काही बोलले नाही."

पुढच्या रविवारी तो परत गेला. एका वर्षात लागोपाठ दोन रविवार तो प्रथमच येत होता, आणि आईनं त्यावरून त्याला टोमणाही मारला नाही, यावरूनच तिची अवस्था कळत होती. जेवताना ती एवढंच म्हणाली, "यान मरायच्या आधी बोलेल का रे माझ्याशी?"

जेवण झाल्यावर ती कपडे वाळत घालायला सज्जात गेली. उत्तरेकडची थंडी, त्यामुळे सज्जा बाहेरून काचेनं बंद केलेला. खाली वर्तमानपत्रावर मुळ्याच्या फोडी सुकत होत्या. हाओनं फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याशेजारी ठेवला. सज्जात गेला नाही. मधलं काचेचं दार त्यानं ओढून घेतलं आणि आतल्या बाजूला, बोलक्या डब्याकडे पाठ करून उभा राहिला. मग बोटानं काचेवर टकटक केली. आई बहिरी होती, पण काचेचा थरथराट तिला अजून कळत असे.

ती वळली. काचेमागे तो तिला आणि ती त्याला दिसत होती, फक्त बाजू आता उलट झाल्या होत्या.

हाओनं ओठ हलवले. इतक्या वर्षांत ही बोली त्यानं वापरली नव्हती. जबडा जड वाटत होता.

'मावशीनं निरोप उशिरा पाठवला नाही. ज्या दिवशी ते गेले त्याच दिवशी पाठवला.'

आईच्या हातातला पायजमा तसाच राहिला. 'मग?'

'मध्येच अडवला. तुझेही अडवले. न्हाणघराच्या वेळचेसुद्धा. बायका आल्या नाहीत, कारण त्यांना वेळेवर कळलंच नाही.'

'कोणी अडवला?'

हे उत्तर एका अक्षराचं होतं. ओठांना त्यासाठी एकदाच मिटून उघडायचं होतं.

'मी.'

आईनं त्याच्याकडे पाहिलं. मग पायजमा झटकला, दोरीवर टाकला, कडा नीट जुळवल्या, चिमटे लावले. मग पुन्हा काचेकडे वळली.

'तुला माहीत होतं?'

'ती मावशी असेल हे माहीत नव्हतं.'

'मग कोण असेल असं वाटलं होतं तुला?'

आलेख, गुणक, उष्ण लेखक हे सगळे शब्द त्याच्याकडे होते, पण साचेखात्याच्या बोलीत ते नव्हते. कोणीच वाटलं नव्हतं. तिथं कोणी असेल असं त्यानं कधी मनातही आणलं नव्हतं.

'हे कुणाला कळलं तर मला नेतील,' तो शेवटी म्हणाला. 'पण मावशीला सांग. ओठांनी सांग.'

आईनं दार सरकवलं. त्याच्या शेजारून, त्याला न लागता, ती आत आली. पांढरी फुलं अजून खुंटीला होती. ती तिनं काढून पिशवीत ठेवली. कोट घातला, बूट चढवले.

"गाडीनं सोडतो," हाओ मोठ्यानं म्हणाला.

"बस आहे," ती म्हणाली.

तो खाली उतरला तेव्हा बस निघाली होती. तो गाडीनं मागोमाग गेला. का, हे त्याला सांगता आलं नसतं. जुन्या कॉलनीच्या गल्लीच्या तोंडाशी त्यानं गाडी थांबवली. जिथं न्हाणघराचं धुराडं असायचं तिथं आता गाड्यांची उंच करडी इमारत होती.

यान मावशीची खोली तळमजल्यावर. आई खिडकीसमोर उभी होती. पडदा बंद होता. तिनं तळहातानं काचेवर थोपटलं, थांबली, पुन्हा थोपटलं. बऱ्याच वेळानं पडदा हातभर सरला. आईची पाठ हाओकडे होती. तिचे ओठ त्याला दिसत नव्हते. पण खांदे दिसत होते. ती एक एक शब्द सावकाश उच्चारत होती, जसा पूर्वी त्याला शिकवताना उच्चारी.

पडदा पुन्हा पडला. आई तशीच उभी.

मग दार उघडलं. यान मावशी बाहेर आली, दंडावर काळी पट्टी, पायांत घरातल्या सपाता. सुतकातल्या माणसानं परक्या दारात जायचं नसतं. गल्लीला कुणाचं दार नसतं. ती गल्लीत आली. दोघी म्हाताऱ्या थंडीत समोरासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपापले फोन शेजारी शेजारी धरले. दोन्ही पडद्यांवर तोच निरोप असणार. एकावर मंगळवारच्या आदल्या दिवसाची तारीख, दुसऱ्यावर गुरुवारची.

यान मावशीनं आईच्या हातातली फुलं घेतली. मग मान वर केली. आईनंही वळून पाहिलं. दोघी गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या मोठ्या काळ्या गाडीकडे बघत राहिल्या. कुणाचेच ओठ हलले नाहीत.

हाओनं गाडी मागे घेतली.

वसंताच्या तोंडावर फू कागद घेऊन आली. "चिंगशुइ बघा. गिरणी कॉलनी."

आलेखाची रेषा तळाला टेकली होती. आवाहनं नाहीत, तक्रारी नाहीत. आधी गरम निरोप थांबले होते, मग कोमट, मग मुळ्याचे भाव आणि नातवंडांचे फोटोसुद्धा. गट होता तिथंच होता. त्यात कोणी काही लिहीत नव्हतं.

"शून्य," फू म्हणाली. "थान साहेब खूश आहेत. म्हणाले, पहिल्या पानावर आता हाच आलेख घाला." ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती. "मीही खूश असायला हवं ना?"

हाओला वीजकेंद्रातले त्याचे म्हातारे शिक्षक आठवले. नव्या मुलांना नियंत्रण कक्षात उभं करून ते सांगत, काटा शून्यावर गेला म्हणून टोपी घालून घरी निघू नका. भट्टी विझली असेल, किंवा तुमचा मापक आंधळा झाला असेल. दोन्ही वेळी काटा एकाच जागी असतो. आधी भट्टीजवळ जा.

कॉलनीतल्या बायका गप्प झाल्या नव्हत्या. भाजीबाजारात, बसथांब्यावर, खिडक्यांच्या काचांतून शेकडो ओठ हलत असणार, आणि त्यातल्या एकाही शब्दाला विलंब लागत नसणार.

अहवालाच्या शेवटी एक ओळ होती: 'वरील मापन विश्वसनीय असल्याचं प्रमाणित करतो.' खाली सहीची जागा. सही नाकारली तर तपास पथक चिंगशुइला जाईल, एकेका म्हातारीला चहाला बोलावेल, आणि पहिली कोण बोलली ते शोधून काढेल. सही केली तर हीच योजना वसंतात साऱ्या देशाला लागू होईल. कुठकुठल्या गल्ल्यांत कुणी फुलं घेऊन तिसऱ्या दिवशी पोचेल. आयुष्यात त्यानं खोटं मापन कधी लिहिलं नव्हतं. अणुभट्टीचा माणूस बाकी काहीही करेल, ते करत नाही.

त्यानं सही केली.

फूनं कागद उचलले. "अभिनंदन, हाओ संचालक," ती म्हणाली. आवाजात अभिनंदन नव्हतं.

ती गेल्यावर त्यानं स्वतःचा फोन पुढे ओढला. त्या रविवारपासून तो आईला रोज लिहीत होता. आधी लांबलचक, मग दोन ओळी, मग नुसतं 'जेवलीस?' उत्तर आलं नव्हतं. बोलक्या डब्याची तारही कोणीतरी काढून ठेवली होती.

देशातल्या कुणालाही असं झालं असतं, तर त्याला स्वतःची समजूत घालता आली असती. निरोप वाटेत असेल. तिनं लिहिलं असेल, इथं पोचलं नसेल. उद्या येईल.

हाओनं यंत्रणेत आईचा नंबर शोधला. ती मोकळ्या यादीत होती; त्यानंच घालायला सांगितलं होतं. त्याचे सगळे निरोप तिला मिळाले होते, पाठवल्या क्षणी. तिच्याकडून त्याच्याकडे वाटेत काहीही नव्हतं. शेवटच्या रकान्यात विलंबाचा आकडा होता.

शून्य.

हा मापक बरोबर होता.